नकाशातली पांढरी जागा

काका, तुम्ही जाऊन आज पंचवीस दिवस झाले. शोकसभेत बोला म्हणून काकूंनी मला दोनदा सांगितलं, मी दोनदा नाही म्हटलं. बाकीचे बोलले. तुमची शिस्त, तुमचं अक्षर, जीभ तिखट पण मन कसं लोण्यासारखं वगैरे. तुम्ही असतात तर तिसऱ्या वाक्याला उठून चपला शोधायला गेला असतात. मी मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या हातात अकरा वर्षं होती.

तर आता सांगून टाकतो. नकाशावरचा तो ठिपका मी टाकला होता. बाहेरच्या कुणी नाही. मी, माझ्या हातानं, हिंजवडीच्या ऑफिसात बसून, जेवणाच्या सुट्टीत. वारज्याला माझ्या घरी येऊन तुम्ही सरळ विचारलंत आणि मी सरळ खोटं बोललो.

आपली ओळख झाली तीच उलट्या नात्यानं. मी शिकवणारा, तुम्ही शिकणारे. मी अकोल्याकडून नुकताच पुण्यात आलेला, बिबवेवाडीत तिघांत एक खोली करून राहायचो आणि संध्याकाळी एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकवायचो. तुम्ही एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात काढलेले ड्राफ्ट्समन. परदेशी भागीदार आला, तुमचे मोठे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले गेले आणि तुम्हाला सांगण्यात आलं, कॉम्प्युटर शिका नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या. तुम्ही पहिल्या बाकावर बसलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. तिसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर म्हणालात, "अहो इंगळे, तुमची रेघ सरळ येते, त्याबद्दल वाद नाही. पण थांबायचं कुठे ते तिला कळत नाही." चौथ्या दिवशी आला नाहीत. निवृत्ती घेऊन मोकळे झालात. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. मला वाटलं, म्हातारा घाबरला.

त्याच आठवड्यात तुम्ही मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या दुकानापाशी गाठलंत.

"डोंगर पाहिलाय का कधी?"

"आमच्याकडे सगळं सपाट, सर."

"सर म्हणू नका, मी तुमचा नापास विद्यार्थी आहे. रविवारी पावणेसहाची एसटी आहे स्वारगेटहून. उशीर केलात तर मी थांबणार नाही."

मी चार मिनिटं उशिरा पोचलो. गाडी तुम्हाला घेऊन गेली होती. मला इतका राग आला की पुढच्या रविवारी मी सव्वापाचलाच जाऊन उभा राहिलो. तुम्ही आलात, घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "एवढ्या लवकर कशाला? झोपायचं की."

खडकवासल्याच्या पाण्याकडेनं गाडी जायची, पानशेत मागे पडायचं, आणि मग रस्ता संपायचा. तिथून पुढे आपण दोघं चालायचो. तुमच्या खांद्याला पत्र्याची नळी, तिच्यात ट्रेसिंग पेपर. अंतर मोजायला गाठी मारलेली दोरी, होकायंत्र, आणि काकूंनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. मला वाटलेलं, आपण किल्ले बघणार. तुम्ही किल्ल्याला वळसा घालून खालच्या वाडीत जायचात. कुणाच्या तरी ओसरीवर बसायचात, पाणी मागायचात आणि मग तासभर फक्त नावं विचारायचात. हा उतार, ह्याला काय म्हणता? ती खाचरं कुणाची? खाली कोकणात उतरणारी वाट, तिच्यावर बैल चढायचे का? एका आजीनं तुम्हाला एका टेकाडाची सतरा नावं सांगितली, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. तुम्ही सतराही लिहिलीत. मी म्हटलं, काका, सतरा नावं त्या एवढ्याशा टेकाडावर मावणार कशी? तुम्ही म्हणालात, "तिच्या डोक्यात मावली ना? मग कागदावर मावायला काय हरकत आहे."

अशी तुम्ही साठच्या वर शीटं काढलीत. वीरगळ कुठल्या बांधावर आडवा पडलाय, कातळात खोदलेल्या टाक्यांपैकी पाणी कुठल्याला राहतं, धनगरांचे झाप, म्हणजे झोपड्या, पावसाळ्यात कुठे हलतात. पुणं तिकडून चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि पुण्यात ह्यातलं कुणाला काही ठाऊक नाही. शहर तेव्हा सगळ्या बाजूंनी सुटलं होतं. आपण जाताना जिथे ज्वारी पाहायचो तिथे वर्षभरानं फलक दिसायचा. तुम्ही एसटीच्या खिडकीतून बघत म्हणायचात, "घाई करायला हवी, इंगळे." एवढंच.

प्रत्येक शीटाच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही चौकोन आखायचात, कारखान्यात आखायचात तसाच. त्यात फक्त तुमची सही. मी एकदा गमतीनं म्हटलं, दोरी मी धरली, माझंही नाव घाला की. तेव्हा तुम्ही कारखान्यातली गोष्ट सांगितलीत. हाताखालच्या एका नवख्यानं तुमच्या ड्रॉइंगवर एक माप परस्पर बदललं, शंभरावर पार्ट भंगारात गेले आणि मेमो तुम्हाला मिळाला. तुम्ही त्याचं नाव सांगितलंच नाहीत. मी विचारलं, का? "का म्हणजे? चौकोनात सही कुणाची होती? माझी. मग बाकी चर्चा कशाला?" तेव्हा मला हे फार भारी वाटलं होतं. ते एक दिवस माझ्याच अंगाशी येणार आहे हे मला कसं कळावं?

त्या गावाचं नाव तुम्ही कागदावर कधी येऊ दिलं नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. वर गाव, गावाच्या मागे राई. देवाची राई, तोडायची नाही. तोडणं सोडाच, आतली वाळकी काडीसुद्धा चुलीला न्यायची नाही. मध्यभागी एक झाड आडवं पडलेलं, दोन पिढ्यांपूर्वीच्या वादळातलं. गावानं ते जागचं हलवलं नव्हतं. त्याच्यावर शेवाळ, त्याच्यातून नवी रोपं. पलीकडे झरा, वर कड्याला आग्या मोहोळं. तुम्ही बूट काढून आत गेलात आणि अर्धा तास काही बोलला नाहीत. मीही नाही. त्या अर्ध्या तासाबद्दल मी अजूनही तुमचा ऋणी आहे.

बाहेर आल्यावर तुम्ही राईतल्या देवाचं बघणाऱ्या धोंडिबा गुरवांना म्हणालात, "ही जागा नकाशात घालू का? देवाला विचारून सांगा." राईच्या तोंडाशी, बाहेर, शेंदूर लावलेला दगड होता. धोंडिबांनी त्याला पाणी घातलं आणि दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ह्याला कौल लावणं म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. डावी पडली. तुम्ही पुन्हा विचारायला लावलंत. डावी. तिसऱ्यांदाही डावी.

मला हसू आवरेना. तुम्ही तर घरी आरतीलाही उभे न राहणारे. वाटेत मी तुम्हाला गाठलंच. म्हटलं, "काका, सोपं आहे. डावीकडे ऊन येतं. पाणी वाळतं, कळी सुटते. ह्यात देव कुठे आला?"

तुम्ही न थांबता म्हणालात, "असेलही. मग ऊन नाही म्हणतंय."

"पण तुम्ही देव मानत नाही."

"मी कुठे मानतो? जागा त्यांची आहे आणि ते त्याला विचारतात. म्हणून मी त्याला विचारलं. तुमच्या घरात शिरताना मी तुम्हालाच विचारणार ना, का शेजारच्यांना?"

त्या शीटावर तुम्ही राईच्या जागी काहीच काढलं नाहीत. भोवतीच्या रेघा येऊन थांबलेल्या आणि मध्ये नाण्याएवढी पांढरी जागा. आपला वाद तिथून सुरू झाला आणि कधी संपला नाही. मी म्हणायचो, असलेली गोष्ट न दाखवणं हेसुद्धा खोटंच. तुम्ही म्हणायचात, मी खोटं काही काढलेलं नाही, गप्प बसलोय. मी म्हणायचो, उद्या ही राई कुणी तोडली तर ती होती हे कळणार कसं? तुम्ही चहा मागवायचात. अजूनही मला वाटतं, त्या एका मुद्द्यावर माझं अगदीच चूक नव्हतं. पण आता हा वाद घालायचा कुणाशी?

मग मला हिंजवडीत नोकरी लागली, वारज्याला फ्लॅट झाला, आणि मी तुमची शीटं स्कॅन करून वेबसाइटवर घातली. तुमच्या परवानगीनं. तुम्ही म्हणालात, "आहेत तशी घाला. काही सुधारू नका." लोकांनी वाहवा केली. अमेरिकेतून कुणाकुणाची पत्रं आली. मला तरंगायला झालं होतं. आणि त्यातल्या एकानं लिहिलं, अमक्या शीटावर मध्ये रिकामं का आहे, स्कॅन करताना गेलं का? झालं. ती पांढरी जागा मला सलायला लागली. आम्ही दिवसभर बग शोधणारी माणसं, मला तो बगच वाटायला लागला. एका सहकाऱ्यानं परदेशातून हातात मावेल असं जीपीएस यंत्र आणलं होतं. ते घेऊन मी एका शनिवारी गाडी काढून एकटा गेलो, कुणाला न विचारता राईत शिरलो, बुटांसकट, आणि जागा नोंदवून आणली. वेबसाइटवर ठिपका टाकताना माहितीचे रकाने भरावे लागायचे. झाडी: घनदाट. पाणी: बारमाही. शेवटचा रकाना शेरा. काय लिहावं सुचेना, रिकामा ठेवला तर पुढे जाता येईना. मी लिहिलं, "मुक्कामाला उत्तम."

हे दोन शब्द मी कुणाला सांगितलेले नाहीत. बायकोलाही नाही.

तीन महिन्यांनी मोटारसायकलींवरून एक टोळकं गेलं. मुक्कामाला. शेकोटीला आयतं लाकूड मिळालं, दोन पिढ्या न हलवलेलं. धूर कड्यापर्यंत गेला, मोहोळं उठली. टोळकं पळालं. धोंडिबा एकटे आग विझवायला आत गेले आणि त्यांचा पाय भाजला. त्या पायानं ते पुन्हा राईपर्यंत चढू शकले नाहीत. देवाचं काम मुलाकडे द्यावं लागलं.

हे तुम्हाला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. तुम्ही तडक वारज्याला आलात. सोफ्याच्या कडेवर बसलात, पाठ न टेकता. म्हणालात, "त्या पोरांना जागा वेबसाइटवरून कळली म्हणे. कुणी टाकली, इंगळे?"

मी म्हटलं, "काका, त्यावर बाहेरचं कुणीही लिहू शकतं. टाकली असेल कुणीतरी. मी लगेच काढतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "बरं." बायकोनं चहा आणला. तो तुम्ही पूर्ण प्यायलात, चांगला झालाय म्हणालात आणि गेलात.

त्या "बरं"नं मला अकरा वर्षं पोखरलंय. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? कळलं असेल तर खडसावलं का नाहीत? चार शिव्या घातल्या असत्यात तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, पाय धरले असते. पण तुम्ही पुढच्या रविवारी नेहमीसारखे पावणेसहाला उभे. ठिपका मी काढला होता, पण तोवर तो इतरांनी दहा ठिकाणी उचलला होता. आपण दुसऱ्या खोऱ्यात जाऊ लागलो. त्या गावाचं नाव दोघांनीही काढलं नाही. त्यातच वर्षं गेली.

फक्त माघातला एक रविवार तुम्ही मला टाळायचात. "ह्या रविवारी मला काम आहे." दरवर्षी. काय काम ते सांगायचा नाहीत. मला वाटायचं, ही माझी शिक्षा. वर्षातून एकदा मला न घेता डोंगरात जाऊन तुम्ही मला जाणवून देताय की तुमचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. मी मनातल्या मनात धुसफुसायचो. गुन्हेगार मी, आणि रुसून बसायचो मीच.

हॉस्पिटलात तुम्ही दोनच दिवस होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू जेवायला गेल्या आणि मी एकटा तुमच्यापाशी होतो. मी मनाशी ठरवून आलो होतो. खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात तुम्ही नाकावरची नळी सारखी करत विचारलंत, "इंगळे, माघ कधी लागतो हो?" मी म्हटलं, बघून सांगतो, आणि मोबाइल काढला. कॅलेंडर उघडेपर्यंत सिस्टर आल्या, मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तुम्हाला शुद्ध नव्हती. काका, मी आयुष्यात इतका कामचुकारपणा कधी केला नाही.

गेल्या आठवड्यात काकूंनी फोन केला. म्हणाल्या, "अहो, ह्यांचा माघातला रविवार आलाय. तिकडे कुणीतरी कळवायला हवं. ती माणसं वाट बघत असतील." मी विचारलं, तिकडे म्हणजे कुठे? काकूंनी गावाचं नाव घेतलं. मी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

काल गेलो. गाडीनं नाही, पावणेसहाच्या एसटीनं. काकूंनी तुमची पिशवी दिली, तिच्यात डबा. आता रस्ता गावापर्यंत डांबरी झालाय, पण मी दोन वाड्या आधीच उतरून चालत गेलो. त्या आजीचं सतरा नावांचं टेकाड अर्धं कापलंय, वर बंगले होतायत. आजीची नावं आता तुमच्या कागदावरच आहेत.

किसन गुरव, धोंडिबांचा मुलगा, राईच्या तोंडाशीच बसला होता. त्यानं तुमची पिशवी ओळखली. माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारताच टोपी काढली. म्हणाला, "आबा गेला त्येला चार वर्सं झाली. आता सायेबबी गेलं."

मी विचारलं, ते दरवर्षी इथे कशासाठी यायचे?

"कौल लावाया. ज्येच्या हातनं ही चूक झाली त्येला देवानं परत आत घ्यावं, म्हनून. आबानं पयल्याच साली घरी सांगितलं, सायेब, तुमी दगडाला इचारल्याबिगर रेघ वढीत न्हाय, हे तुमच्या हातचं काम न्हाय. ज्येनं क्येलं त्येचं नाव सांगा, त्येच्या नावानं पोरगा लावील. बिननावाचा कौल लागत न्हाय."

"मग?"

"न्हायच सांगितलं. म्हनायचं, कागदावर सही माजी हाय, माज्या नावानं लावा. मंग त्येंच्याच नावानं लावायचो. दर साली डावा. मान हलवायचं, हितं ह्या धोंड्यावर बसून डबा खायाचं आन् जायाचं. आत पाऊल न्हाय टाकलं कदी."

अकरा वर्षं, काका. आणि मी समजत होतो की तुम्ही मला शिक्षा करताय.

मी किसनला सगळं सांगितलं. वेबसाइट, यंत्र, बुटांसकट आत शिरलो ते, आणि "मुक्कामाला उत्तम" हेसुद्धा. सांगताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्याच्या बापाचा पाय माझ्यामुळे गेला होता. त्यानं मला दोन ठेवून दिल्या असत्या तरी मी हलणार नव्हतो. तो उठला, दगडाला पाणी घातलं, दोन कळ्या ओल्या केल्या.

"नाव?"

"प्रशांत नामदेव इंगळे."

"गाव?"

मी वारजे म्हणणार होतो. मग अकोल्याकडच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. पुण्यात आल्यापासून ते मला कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. डावी कळी पडली.

"डावा," किसन म्हणाला. रागानं नाही. "फुडल्या माघात या."

मी नीट पाहिलं, काका. ऊन डावीकडेच होतं. मग ऊन नाही म्हणालं. पण ते मला म्हणालं, माझं नाव घेऊन. अकरा वर्षं जो नकार तुम्ही स्वतःच्या नावावर घेत आलात, तो काल एकदाचा माझ्या नावावर पडला, आणि मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

तुमच्या धोंड्यावर बसून मी डबा उघडला. काकूंनी सवयीनं दोघांच्या पुऱ्या दिल्या होत्या. तुमच्या वाटच्या किसनला दिल्या. राईत पाऊल टाकलं नाही. पुढच्या माघात पुन्हा विचारायला जाईन. पावणेसहाच्या एसटीला मी वेळेवर असेन.